दिवसातून दोन वेळा दंतघर्षण

मानवी जबडा हा निसर्गाने उभारलेला सर्वांत थोर पूल असून त्याच्या दोन्ही टोकांना संस्कृती उभी आहे.

अवधूत मेहेंदळेच्या प्रबंधाचं हे पहिलं वाक्य. ते लिहिलं तेव्हा त्याच्या स्वतःच्या तोंडात बत्तीस दात होते. दुसरं वाक्य जमेपर्यंत एकोणतीस उरले. मूळ वाक्य इंग्रजीत होतं. घरी वडिलांना त्याने ते मराठीत सांगितलं, तेव्हा यज्ञेश्वरपंत म्हणाले, "दोन्ही टोकांना संस्कृतीच उभी असेल, तर पुलावरून जातं कोण?" तरीही अवधूतने ते वाक्य काढलं नाही. त्याच्या मार्गदर्शक सुनीतीमॅडमना ते आवडलं होतं, आणि अकरा वर्षांत मॅडमना आवडलेलं ते एकुलतं एक वाक्य होतं.

अवधूत चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात 'सहायक प्राध्यापक, कंत्राटी' होता. त्या स्वल्पविरामानंतरच्या शब्दावर त्याचं सगळं अडलं होतं. प्राचार्यांनी जानेवारीतच त्याला बोलावून घेतलं होतं. "तीस जूनपर्यंत पीएच.डी. घ्या, कायम करतो. नाही झाली तर..." इथे त्यांनी चष्मा पुसला. "नाही झाली तर आमच्या शुभेच्छा आहेतच."

त्याचा विषय सांगायला सोपा होता, पण अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. दात पडला की त्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि त्याच्यावर नवा दात चढवतात. त्याला इम्प्लांट म्हणतात. हाडाने स्क्रू धरला तर माणूस मरेपर्यंत हरभरे खातो. हाडावर फार ताण आला तर स्क्रू हलतो आणि माणूस भात खातो. हा ताण जिवंत हाडात शिरून बघता येत नाही, कारण त्यासाठी माणूस कापावा लागतो आणि विद्यापीठ तेवढी परवानगी देत नाही. म्हणून अवधूत जबड्याच्या स्कॅनवरून संगणकात हुबेहूब जबडा उभा करायचा, त्याचे चार लाख बारीक तुकडे पाडायचा, त्यात स्क्रू बसवायचा, वरून जोर द्यायचा आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचा, बाबा रे, तुला कसं वाटतंय? तुकडे रंगाने उत्तर द्यायचे. निळा म्हणजे मजेत. पिवळा म्हणजे चाललंय. लाल म्हणजे मेलो. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणारं आणि वर आणखी चार गोष्टी न सुनावणारं पुण्यात त्याच्या ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं.

फक्त वरून जोर किती द्यायचा, हे संगणकाला आधी सांगावं लागे. साधं चावणारा माणूस असेल तर वीस किलो. झोपेत करकर दात खाणारा, म्हणजे इंग्रजीत ब्रक्सिझमवाला, असेल तर ऐंशी. ऐंशीला जबडा हमखास लाल व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी या विद्येचा समाजाला उपयोग झाला. बिबवेवाडीतल्या एका धर्मादाय दवाखान्याने मार्केट यार्डातल्या हमालांना फुकट इम्प्लांट बसवायचं ठरवलं. दात गेलेले चाळीस हमाल निघाले. कोणाच्या जबड्यात बसवायचा आणि कोणाच्या नाही, हे अवधूतचा संगणक सांगणार होता. एका वर्तमानपत्राने बातमी दिली, 'गरिबांना दात, संगणकाची साथ'. यज्ञेश्वरपंतांनी ती कापून ठेवली, पण यमकासाठी नव्हे. 'संगणक' हा शब्द छापलेला त्यांना बऱ्याच दिवसांनी दिसला होता.

यज्ञेश्वरपंत म्हणजे कसबा पेठेतल्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. पानात केस निघाला तर ते काढून टाकून जेवत, पण वाक्यात इंग्रजी शब्द निघाला तर ताटावरून उठत. विद्यापीठाच्या समितीने सांगितलं, हमालांना द्यायचा प्रश्नांचा फॉर्म मराठीत हवा, तेव्हा अवधूतने तो वडिलांच्या हवाली केला. पंतांनी चार दिवस खोलीचं दार लावून दोन पानांचं भाषांतर केलं. "एकही परका शब्द नाही," ते म्हणाले. अवधूतने पाकीट उघडलं नाही. तसंच ते प्रकल्पाच्या सहायक निकिताकडे दिलं. निकिताने यार्डात बसून चाळीस जणांना फॉर्म वाचून दाखवला, उत्तरं संगणकात भरली आणि इंग्रजी तक्ता अवधूतला पाठवला.

तक्ता बघून अवधूत चमकला. चाळीसपैकी एकोणतीस जण दात खात होते. जगात दहात एखादा खातो. त्यातही हे रोज खात होते, बहुतेक जण दिवसातून दोनदा. त्याने यावर निबंध लिहून परदेशी नियतकालिकाला पाठवला. तिथल्या परीक्षकाने विचारलं, या शहरातले लोक एवढे दात का खातात? सुनीतीमॅडमनी एका शब्दात उत्तर दिलं, 'वाहतूक'. ते तत्काळ मान्य झालं. पुण्यात तर कोणी कारणही विचारलं नाही. पुणेकर दात खातात याला पुरावा लागतो, याचंच लोकांना नवल वाटलं.

एकोणतीस जबडे लाल झाले. अकरा निळे झाले. अकरा जणांना दात मिळाले, फोटो निघाले, पेढे वाटले गेले.

आता प्रबंध विद्यापीठात जाऊन सहा महिने झाले होते. खुली मौखिक परीक्षा चौदा जूनला होती. आणि मेच्या शेवटी बिबवेवाडीहून फोन आला की अकरांपैकी आठ जणांचे स्क्रू हलताहेत. पोपट नावाच्या हमालाचा तर वडापावात निघून आला.

"जबड्यांचं काहीतरी चुकलं असेल," सुनीतीमॅडम म्हणाल्या. "मॉडेल बरोबर आहे."

अवधूतने दहा दिवस संगणकासमोर काढले. तुकडे आणखी बारीक केले. हाडाचा कडकपणा बदलून पाहिला. स्क्रूचे आटे मोजले. दर वेळी अकरा जबडे निळेशार, अगदी सुट्टीवर गेल्यासारखे. शेवटी त्याच्या मनात आलं, लाल जबडे तरी खरोखर लाल आहेत का ते बघावं. दात खाणाऱ्या माणसाचे दात वरून झिजून सपाट होतात. ते बघायला संगणक लागत नाही, तोंड उघडायला सांगितलं की झालं.

तो मार्केट यार्डात गेला. कांद्याच्या गाळ्यामागे रंगराव पोत्यांना टेकून बसले होते. वय पंचावन्न, खालच्या उजव्या दोन दाढा नाहीत, तक्त्यात क्रमांक सतरा, जबडा लालभडक.

"रंगराव, जरा आ करता का?"

रंगरावांनी आ केला. अवधूतने मोबाइलचा उजेड पाडला. गेलेल्या दोन दाढा सोडल्या तर आत सगळं जागच्या जागी होतं. दात पांढरे, टोकदार, एकही झिजलेला नाही. असे दात अवधूतने फक्त दवाखान्याच्या पाटीवर पाहिले होते.

"तुम्ही झोपेत दात खाता ना?"

"मी? न्हाई बा. पोरं खायची ल्हानपनी, जंत झालं का."

"पण फॉर्ममध्ये तुम्ही हो म्हणालात. रोज दोनदा."

"फारमात दात खायाचं कुठं हुतं? त्या ताईंनी इचारलं, आपन दंत... दंत काय ते..." रंगरावांनी डोकं खाजवलं. "दंतघर्षन. करता का, आन दिसातनं किती येळा. मी म्हनलं, म्हंजे काय ओ? तर ताई म्हनल्या, दंत म्हंजे दात आन घर्षन म्हंजे घासनं. मी म्हनलं, दोन टाइम. सकाळी आन जेवल्याव. आमची मंडळी सातवी शिकल्याली हाय, दात घासल्याबिगर ताटावर बसू देत न्हाई."

अवधूत पोत्यावर बसला.

"आणि पोपट काय म्हणाला होता?"

"पोपट खोटं कशाला बोलंल? त्यो म्हनला, आपन न्हाई करत. त्यो दिसभर तंबाकू धरतो, रातच्याला एक चूळ भरतो. झालं त्याचं."

कांद्याचा ट्रक मागे घेताना कोणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होतं. अवधूतच्या डोक्यात सगळे तुकडे एकेक करून लाल होत गेले. जे दात घासत होते त्यांना संगणकाने नाकारलं होतं. जे कधीच घासत नव्हते त्यांना शोधून शोधून टायटॅनियम बसवलं होतं. त्या घाणीत हाड स्क्रूला धरणार कसं? आणि रंगराव, संगणकाच्या हिशेबाने, गेली तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ऐंशी किलो जोराने दात घासत होते.

"मग मला दात का न्हाई मिळाला, त्ये कळलं का सर?" रंगरावांनी विचारलं.

"बघतो," अवधूत म्हणाला.

निकिताने फोन पहिल्याच घंटीला उचलला. "सर, मला तो वर्ड माहीतच नव्हता. मला वाटलं, ब्रक्सिझमचं प्युअर मराठी असेल. तुमच्या बाबांनी केलंय म्हणजे करेक्टच असणार ना? पण त्यांनी मीनिंग विचारलं, मग मी फोड करून सांगितलं. सर, फोड बरोबर होती ना?"

"फोड अगदी बरोबर होती," अवधूत म्हणाला.

यज्ञेश्वरपंत गॅलरीत शब्दकोडं सोडवत होते. अवधूतने सगळं सांगितलं. पंतांनी पेन खाली ठेवलं नाही.

"शब्द बरोबर आहे," ते म्हणाले.

"बाबा, शब्द बरोबर आहे म्हणून आठ लोकांच्या जबड्यात खड्डे पडलेत."

"दातावर दात घासणे, दंतघर्षण. यात चूक कुठे आहे ते दाखव."

"दातावर ब्रश घासणेसुद्धा दंतघर्षणच की! 'झोपेत दात खाता का' असं साधं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"'दात खाणे' हा ग्राम्य प्रयोग आहे."

"ते हमाल आहेत, बाबा!"

पंतांनी आता पेन ठेवलं. "मी तुला ते पाकीट दिलं तेव्हा म्हटलं होतं, एकदा वाचून घे. वाचलंस?"

अवधूत कोड्यातले रिकामे चौकोन मोजू लागला.

"इंग्रजीत तू पाचशे पानं लिहिलीस, आणि मराठीतली दोन तुझ्याने वाचवली नाहीत." मग शब्दकोड्याकडे बघतच ते म्हणाले, "परीक्षेत सांगून टाक. माझं नाव घे. शब्द माझा आहे, मी नाही म्हणणार नाही. मी येणारच आहे तिथे, तिसऱ्या ओळीत बसेन."

वडील आपली चूक आपल्या नावावर घ्यायला निघालेत, हे अवधूतने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याला ते अजिबात आवडलं नाही. आता वडिलांच्या चुकीमागे लपण्याची सोय त्याला राहिली नाही.

सुनीतीमॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना दोन वर्षांत निवृत्त व्हायचं होतं, आणि अवधूत हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी होता.

"कोणाला माहीत आहे?"

"मला, बाबांना, आता तुम्हाला. निकिताला अर्धं."

"परीक्षक बाहेरच्या राज्यातले आहेत. त्यांना मराठी येत नाही."

"पण मॅडम, सगळं मॉडेल चुकीच्या जोरावर उभं आहे."

"मॉडेल बरोबर आहे, मेहेंदळे. दिलेल्या जोराला दिलेलं उत्तर दिलंय त्याने. जोर तुम्ही दिलात." त्यांनी चहाच्या कपावर बशी झाकली. "आता मागे घेतलंत तर नव्याने फॉर्म, नव्याने परवानगी, दोन वर्षं. तीस जूनला तुम्ही घरी. इतकंच वाटत असेल तर शेवटी एक पान टाका, 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून. त्यात लिहा सगळं. मर्यादा शेवटीच असतात, आणि शेवटपर्यंत कोणी जात नाही. म्हणजे तुम्ही लिहिल्याचंही समाधान."

अवधूतने ते पान केलं. पडद्यावर दाखवायच्या पानांपैकी सत्तेचाळिसावं. त्यात त्याने काही झाकलं नाही. प्रश्न, शब्द, निकिताची फोड, एकोणतीस, अकरा, आठ. वडिलांचं नाव घातलं नाही, स्वतःचं घातलं. लिहून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की आपण सगळ्यांना सांगून मोकळे झालो आहोत, अशीच त्याची समजूत झाली.

चौदा जूनला सभागृहात तीस-पस्तीस माणसं होती, त्यातली निम्मी समोशाला आलेली. यज्ञेश्वरपंत इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या ओळीत बसले होते. परीक्षक हसतमुख गृहस्थ होते. जबडे फिरले, तुकडे रंगले, लाल जबडा पडद्यावर आला तेव्हा मागून कोणीतरी "बाप रे" म्हणालं. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले. एक स्क्रूच्या व्यासावर, दुसरा पुण्याच्या हवेवर. शेहेचाळिसावं पान झालं, निष्कर्षांचं. अवधूतचं बोट पुढचं पान आणायच्या बटणावर होतं.

"सुंदर," परीक्षक इंग्रजीत म्हणाले. "फार उपयुक्त काम. दवाखान्यांनी हेच वापरायला हवं. आणखी काही सांगायचं राहिलं आहे का?"

सभागृहातला पंखा सावकाश कुरकुरत होता. सुनीतीमॅडम कागदावर काहीतरी गिरवत होत्या. अवधूतने तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. पंत खुर्चीत पुढे सरकून, उभं राहायच्या तयारीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"नाही सर," अवधूत म्हणाला. "एवढंच. धन्यवाद."

टाळ्या झाल्या. पंत सावकाश मागे टेकले.

बापलेक रिक्षाने घरी निघाले. मंडईजवळ सिग्नल लागला तेव्हा पंत म्हणाले, "एक पान राहिलं."

"वेळ संपला होता, बाबा."

"नऊ मिनिटं होती. मी घड्याळ बघत होतो." आणि मग बाहेर बघत, "अभिनंदन, डॉक्टर."

छत्तीस वर्षं वर्गात त्यांनी अनेक मुलांना अनेक शब्द उच्चारून दाखवले असतील. कुठलाही इतका स्वच्छ उच्चारला नसेल.

सत्तावीस जूनला अवधूत कायम झाला. त्याच आठवड्यात बिबवेवाडीच्या दवाखान्याने दुसरा टप्पा जाहीर केला. दोनशे भाजीविक्रेते, निवड डॉ. मेहेंदळे यांच्या सिद्ध झालेल्या पद्धतीनुसार. फॉर्म तोच. अवधूतने निकिताला फोन करून 'दंतघर्षण'च्या जागी 'झोपेत दात खाणे' घालायला सांगितलं. निकिता म्हणाली, "सर, नाही करता येणार. समितीने ॲप्रूव्ह केलेला फॉर्म आहे. एक वर्ड बदलला तरी परत पहिल्यापासून. आणि मॅडम म्हणाल्या, चाललंय ते चालू दे."

"मग निदान तोंडी तरी नीट सांग त्यांना."

"सर, या वेळी मी नाहीये. नवीन कोणीतरी घेतलंय. बंगळूरची आहे ती."

त्यानंतर अवधूतला नीट जेवण जाईना. बायको म्हणाली, पगार वाढला की पचन बिघडतंच. शेवटी एका सकाळी, पहिले दोन तास रिकामे होते तेव्हा, तो पेढ्यांचा डबा घेऊन मार्केट यार्डात गेला. जे सभागृहात म्हणाला नव्हता ते निदान एका माणसासमोर म्हणायचंच, असं त्याने ठरवलं होतं. वाटेत गाडीवर त्याने पूर्ण भाषण जुळवलं. त्यात 'अक्षम्य' हा शब्द दोनदा होता.

रंगराव नुकतीच खेप टाकून घाम पुसत होते. अवधूतने भाषण केलं. सगळं सांगितलं, वडिलांचा शब्द, आपला आळस, ते दाखवायचं राहिलेलं पान, 'नाही सर', सगळं. दोन्ही 'अक्षम्य'सुद्धा जागच्या जागी आले. बाजूच्या गाळ्यातला माणूस तराजू सोडून ऐकायला लागला.

रंगरावांनी डब्यातला एक पेढा घेतला आणि डाव्या बाजूने चावला.

"म्हंजे मी दात घासतो म्हनून मला दात न्हाई."

"हो."

"आन पोपट घासत न्हाई म्हनून त्याला."

"हो."

"आन त्याचा पडला."

"हो."

"पोपटाला सांगितलं का ह्ये?"

"नाही. अजून नाही."

"नका सांगू. त्यो घासाया लागंल आन मग त्याला कायच मिळायचं न्हाई." रंगरावांनी बोटं धोतराला पुसली. "तुमचं काम झालं न्हवं पन?"

"झालं."

"कायम?"

"कायम."

"मग बेस झालं की. माझं काय, आता डाव्या अंगानं चावायची सवय झाली."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का, हे अवधूतने पुष्कळ तपासलं. नव्हता. टोमणा असता तर त्याला घरी जाता आलं असतं.

"रंगराव, असं नका म्हणू," तो म्हणाला. "तुमचं नुकसान माझ्यामुळे झालंय. मी तुमच्यासाठी काहीतरी करायलाच हवं. काहीही सांगा. लाजू नका. माझ्याच्याने होण्यासारखं काय असेल ते सांगा."

रंगरावांनी खरोखरच विचार केला. पुढच्या खेपेसाठी हाक आली, तशी त्यांनी डोक्यावरचा कपडा नीट केला आणि वळून, जरा संकोचून म्हणाले,

"एक काम हुतं बघा. त्या तुमच्या फारमाला माझा फोटू डकवल्याला हाय. आता हमालीचा नवा बिल्ला काढायचा हाय, त्ये दोन फोटू मागत्यात, आन माझ्याकडं एकच हाय. तेवढा उचकटून आना की. फाडू नका पन."